मुलीचा पहिला सीव्ही कोणी बघून देईल का?

ए-२०४: नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, आधीच माफी मागते. धाकटीची टीवाय बीकॉमची परीक्षा झाली. बिबवेवाडीतल्या एका सीए फर्मला अकाउंट्स असिस्टंट हवाय, सोमवारपर्यंत सीव्ही मागितलाय. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतला. कोणी नजर टाकेल का?

ए-२०४: [फाइल: बायोडाटा नवीन फायनल २]

सी-१०३ खजिनदार: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या पाणी सकाळी ६ ते ७.३० एवढंच येणार आहे, हे मघाशी टाकलं होतं. ते कोणी वाचलं का?

डी-५०२: वाचलं काका. काकू, फाइल उघडली. वर ॥ श्री ॥ आहे, मग उंची ५ फूट २ इंच, वर्ण गव्हाळ, रक्तगट. हे नोकरीसाठीच आहे ना?

ए-२०४: अरे, थोरलीच्या लग्नाच्या वेळचा बायोडाटा नमुना म्हणून दिला होता त्याला.

बी-४०१: मामेकुळ राहिलं.

ए-२०४: चेष्टा नको हो. सोमवार तोंडावर आलाय.

बी-६०१: काकू, मी खराडीला रिक्रूटमेंटमध्येच आहे, बघते. पहिला प्रश्न: तुमचं कोणी बारामतीला असतं का?

ए-२०४: नाही गं. का?

बी-६०१: शेवटी डिक्लेरेशनखाली 'ठिकाण: बारामती' आहे. आणि दुसऱ्या पानावर 'लिंग: पुरुष'.

डी-५०२: आधीच्या गिऱ्हाइकाचं राहिलं असणार. झेरॉक्सवाल्याकडे एकच फाइल असते, वरचं नाव तेवढं बदलतो.

बी-६०१: तसंच झालंय. ही फाइल सोडूनच देऊ या, दुरुस्त करण्यापेक्षा नवीन लिहिणं सोपं. एकच पान. वर नाव, फोन, ईमेल, आणि पत्ता म्हणून 'कर्वेनगर, पुणे' एवढं पुरे. जन्मतारीख, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, उंची सगळं काढा. आधार आणि पॅनचा नंबर तर अजिबात नको. ही फाइल किती जणांच्या हातून जाईल याचा नेम नसतो. कागदपत्रं नोकरी पक्की झाल्यावर मागतात, तेव्हा द्यायची. आणि नोकरीच्या आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरायचं.

'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' हे ऑब्जेक्टिव्ह काढा. माझ्याकडे दिवसाला शंभर सीव्ही आले तर सत्तरांत हेच वाक्य असतं, स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. आणि ते एक्सेलपुढे ८०% भरलेली निळी पट्टी? मुलाखतीत मी हमखास विचारते, उरलेले २०% कोणते? आजवर एकालाही सांगता आलेलं नाही.

ए-२०४: काकू नाही ताई, आता आईच्या फोनवरून मीच लिहितेय. सगळं काढलं तर पानावर उरेल काय? अनुभव शून्य आहे माझा.

बी-६०१: ईमेल आयडीतला 'एंजल' पण काढ बरं का.

ए-२०४: तो आठवीत काढला होता 😐 नवीन करते.

बी-६०१: सीव्हीत हिशोबाचं सॉफ्टवेअर म्हणून टॅली लिहिलंयस. काय काय केलंयस त्यात?

ए-२०४: तीन महिन्यांचा क्लास केला. व्हाउचर एंट्री, लेजर, ट्रायल बॅलन्सपर्यंत. जीएसटीचं पण थोडं.

बी-६०१: जीएसटीआर-१ आणि ३बी मध्ये फरक काय?

ए-२०४: १ मध्ये विक्रीची बिलं सविस्तर जातात. ३बी हा महिन्याचा गोषवारा, इनपुट क्रेडिट वजा करून कर भरायचा तो त्यात.

बी-६०१: मग 'जीएसटीचं थोडं' काय म्हणतेस? 'जीएसटीआर-१ आणि ३बीची क्लासमध्ये तयारी केली' असं लिही. प्रत्यक्ष भरलेलं नाहीस, तर 'भरले' लिहू नकोस. समोर सीए बसलाय, दोन प्रश्नांत कळेल त्याला. आणखी काही सर्टिफिकेट?

ए-२०४: एमएससीआयटी. आणि इंग्रजी टायपिंग ४०, सरकारी परीक्षेचं.

बी-६०१: अगं, मग हे कुठेच कसं नाही? 'हॉबी: गाणी ऐकणे' मात्र तीन ओळींत आहे!

डी-१०१ काका: मध्येच बोलतो, शाळेत इतिहास शिकवायचो म्हणून. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला पत्र लिहून काम मागितलं. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. आधी उचलून नेता येतील असे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं असा मुद्द्यांमागून मुद्दा. चित्रंही काढतो हे अगदी शेवटी. मालकाला लढायचं होतं, म्हणून क्रम तसा.

बी-४०१: काका, त्याला टॅली येत होतं का?

डी-१०१ काका: टॅली नाही. पण द्विनोंदी पद्धत ज्याने १४९४ मध्ये छापून जगापुढे मांडली, तो लुका पाचोली पुढे मिलानलाच त्याचा मित्र झाला.

डी-५०२: बी-४०१, आता काय बोलाल? 😂

बी-६०१: काकांचं बरोबर आहे. हिला हिशोबाचं काम हवंय, म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटी वर. शिक्षण त्याखाली. गुण मार्कशीटवर आहेत तसेच लिही. सीजीपीए असेल तर सीजीपीए, मनाने टक्के काढू नकोस. आता आठवून सांग, खऱ्या पैशांचा हिशोब कधी केलायस? घरचा, कॉलेजचा, कुठलाही.

ए-२०४: गणपतीत सोसायटीच्या वर्गणीचा केला होता. पावती पुस्तकं दोन होती आणि जीपेचं स्टेटमेंट वेगळं. ८४ फ्लॅटची यादी एक्सेलमध्ये घेतली आणि फ्लॅट नंबरवरून व्हीलुकअप लावला. एकूण रकमेत ५०१ रुपये जास्त दिसत होते. दोन संध्याकाळी गेल्या शोधण्यात. एकाने जीपे केलं होतं, त्याची पावतीपण फाडली होती, आणि ती पावती रोखीतही धरली गेली होती.

बी-६०१: आणि म्हणे अनुभव शून्य!

सी-१०३ खजिनदार: ती पावती आरतीनंतर रात्री साडेअकराला फाडली होती. समोर प्रसादाला रांग. विषय कार्यकारिणीत मिटलेला आहे.

बी-६०१: काका, तुमच्यावर काही नाही. पण तिच्या सीव्हीतली सगळ्यात चांगली ओळ हीच आहे. अशी लिही: "८४ सदनिकांच्या वर्गणीच्या पावत्या आणि यूपीआय जमा एक्सेलमध्ये जुळवून ५०१ रुपयांची दुबार नोंद शोधली." अर्थात इंग्रजीत. 'हार्डवर्किंग' आणि 'टीम प्लेअर' हे शब्द मग लागतच नाहीत.

डी-५०२: ताई, आमच्या डिप्लोमावाल्यांनी काय करायचं? मेकॅनिकल, फायनल इयर. चाकणला बघतोय.

बी-६०१: अरे, प्रोजेक्टमध्ये चौघांनी मिळून काय केलं ते सगळेच लिहितात. तू स्वतः काय केलंस ते लिही. लेथ चालवलास, ड्रॉइंग काढलंस, की नुसता रिपोर्ट बाइंड करून आणलास? आणि अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नकोस, डिप्लोमा पास झालास की एनॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी कर. वर्षभर शॉपफ्लोअरवर काढलंस की पुढच्या सीव्हीचं पहिलं वाक्य तयार.

डी-५०२: रिपोर्ट मीच बाइंड केला होता 🙈 पण ड्रॉइंगपण माझंच.

सी-१०३ खजिनदार: एक सूचना. मी तीस वर्षं सहकारी बँकेत काढली आहेत. 'जुळवून' वगैरे ठीक आहे, पण या कामाला रीकन्सिलिएशन म्हणतात. सीएची नजर त्याच शब्दाला अडकेल. तो घाला. आणि दुरुस्तीची नोंद मी केली होती, तेही लक्षात असू द्यावे.

बी-६०१: बरोबर काका. तिने शोधली, तुम्ही दुरुस्त केली. ओळीतही 'शोधली' एवढंच आहे.

सी-१०३ खजिनदार: मग हरकत नाही. फर्मने चौकशी केली तर माझा नंबर द्यावा. दुपारी २ ते ४ सोडून.

ए-२०४: थँक्यू काका 🙏 ताई, कॅनव्हावर एक दोन कॉलमचं छान डिझाइन मिळालंय, त्यात टाकू का?

बी-६०१: नको. मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन कॉलम असले की कधी कधी डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते. साधं वर्डमध्ये लिही, पीडीएफ कर. मग पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघ. तिथे सरळ ओळीने वाचता आलं तर ठीक. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नकोस, त्यातला मजकूर नीट कॉपी होईलच असं नाही. फाइलला स्वतःचं नाव दे. 'फायनल २' म्हटलं की समोरच्याला वाटतं, फायनल १ चं काय झालं? आणि ईमेलमध्ये नुसती फाइल जोडून सोडू नकोस. कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, टॅली-एक्सेल येतं, कधीपासून येऊ शकतेस, एवढ्या चार ओळी लिही.

ए-२०४: रात्री करून टाकते.

...

ए-२०४: [फाइल: तिच्या नावाची, एक पान]

ए-२०४: मी आई. दहा वेळा वाचून घेतलं माझ्याकडून. श्री काढून टाकलाय, मला जरा चुकल्यासारखं वाटतंय.

डी-१०१ काका: श्री मनात म्हणून सेंड करा.

बी-६०१: वाचला. मस्त झालाय. ठिकाण पुणे आहे, पाहिलं 😄 उद्या सकाळी पाठव.

सी-१०३ खजिनदार: मीही उघडला. तिसऱ्या ओळीत चूक आहे. ८४ नाही, ८३.

ए-२०४: काका, फ्लॅट तर ८४ आहेत ना?

सी-१०३ खजिनदार: फ्लॅट ८४. वर्गणी ८३. बी-४०१ ची अजून आलेली नाही.

बी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे.