बॅटरीवरचा फवारणी पंप घरी खोलणं-जोडणं: खान्देशातले अनुभव

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बागायती कपाशीची लगबग सुरू होते. त्याआधी कोपऱ्यातला पंप खोलून बघायला हवा. १६ ते २० लिटरचा, १२ व्होल्टचा पाठीवरचा पंप ज्यांच्या हाताखालून गेला आहे त्यांनी लिहा: काय बिघडतं, का बिघडतं, परत कसं जोडायचं.

चोपडा
आधी धुणं, मग खोलणं. टाकीत २-३ लिटर स्वच्छ पाणी घालून गनमधून (फवाऱ्याच्या खटक्याच्या दांड्यातून) सगळं बाहेर काढा, असं तीनदा. ते पाणी ज्या पिकावर शेवटचं औषध मारलं त्याच पिकावर फवारा; विहिरीजवळ, नाल्यात, गुरांच्या हाळाजवळ सांडू नका. हातात रबरी मोजे हवेतच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे विसरू नका. मग पंप आडवा करून तळाचे स्क्रू काढा. बॅटरीची काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर, जोडताना उलट. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

यावल
मोटर फिरते पण दाब नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. लगेच मोटर बदलू नका. टाकीतली जाळी आणि तिथून पंपाकडे येणारी आखूड नळी बघा. क्लिप सैल असली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. ते ठीक असेल तर हेड (मोटरला जोडलेलं पंपाचं प्लास्टिकचं डोकं) खोला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढा. आत व्हॉल्व्हची प्लेट, तिच्यावर छत्रीसारखी पातळ रबरं, आणि खाली डायफ्राम, म्हणजे पाणी ओढणारा-ढकलणारा रबरी पडदा. रबराखाली वाळूचा एक कण किंवा भुकटी औषधाचा थर बसला तरी पाणी मागे फिरतं. डायफ्राम उजेडात धरून वाकवा, चीर बहुतेक कडेला असते. चिरलेल्या डायफ्राममधून पाणी बेअरिंगमध्ये उतरतं आणि मोटर गंजते, म्हणून हेड आणि मोटरच्या सांध्यातून थेंब दिसला की त्याच दिवशी खोला.

जोडताना रबराची कड खाचेत पूर्ण बसली का, हे बोट फिरवून बघा. रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावा. साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात. स्क्रू हातानेच आवळा, प्लास्टिकचे आटे गेले तर हेडच बदलावं लागतं.

शिरपूर
गन बंद केली की मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर बरेच जण प्रेशर स्विचचा (दाब वाढला की मोटर बंद करणाऱ्या बटणाचा) स्क्रू फिरवतात, ते मला पटत नाही. आधी नळीची गळती, मग व्हॉल्व्ह, मग बॅटरी बघा. स्क्रू सगळ्यात शेवटी. गन चालू असताना मोटर धडधड चालू-बंद होत असेल तर नोझल चोंदलं आहे.

शहादा
शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती चार्ज धरत नाही. काम नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जर काढून काही तासांनी मीटरवर १२.६ व्होल्टच्या पुढे दिसलं तर ठीक. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. लिथियमची असेल तर तिचाच चार्जर वापरा.

रावेर
नोझलचा क्रम: जाळी, भोवरा चकती, वॉशर, भोकाची चकती, टोपी. भोवरा चकती राहून गेली की फवारा न पडता सरळ धार पडते. तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं. तोंडाने तर अजिबात फुंकू नका. जुना टूथब्रश पुरे. बोअरच्या क्षाराचा पांढरा थर असेल तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्व घालून तासभर भिजवा, मग स्वच्छ धुवा. एका मिनिटाचं पाणी मापात धरा: नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त आलं तर नोझल बदला. गंधकाची भुकटी आधी बादलीत कालवून, गाळून मगच टाकीत घाला.

पारोळा
मका-गव्हावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप कपाशीला नेऊ नका. नळी आणि वॉशर ते औषध धरून ठेवतात, आणि अगदी थोड्या अंशानेही कपाशीची पानं बोटांसारखी लांबट होतात. धुऊन भागेल या भरवशावर राहू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि टाकीवर ठळक रंगाचा पट्टा ओढा. जोडून झाल्यावर कुठलाही पंप दहा मिनिटं साध्या पाण्यावर चालवा, तळाशी कोरडा कागद ठेवून. कागद ओला झाला तर परत खोला.