मिरजेच्या दवाखान्यातला चहा

कृष्णाकाठची:
वय 36, सांगलीत विश्रामबागला एकटी राहते, नोकरी आहे. पाच वर्षं झाली एका लग्न झालेल्या माणसाबरोबर आहे. लग्न, पोरं सगळं पहिल्यापासून माहीत होतं, फसवलं बिसवलं काही नाही, शिव्या द्यायच्या तर द्या पण पुढचं वाचा.

गेल्या महिन्यात दोन दिवस त्याचा फोन नाही, मला वाटलं घरी कळलं. मग ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला की छातीत दुखलं म्हणून मिरजेला अॅडमिट केलंय. चौघंजण बघायला निघाले त्यांच्याच गाडीत मी पण बसले, एकटी कुठल्या तोंडानं जाणार. तिथं त्याची बायको. डोळे सुजलेले, तरी सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला आणि पोराला खाली पाठवून माझ्यासाठी वेगळा मागवला. म्हणाली, मॅडम, हे तुमचं नाव कायम घेतात. आणि खरं सांगू, लाज वाटायच्या आधी मला तिचा राग आला, की ही चार माणसांत त्याच्या कपाळाला हात लावतीय आणि मी खुर्चीच्या कडेला पर्स धरून बसलीय. घरी आल्यावर त्या रागाचीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

आता तो बरा झालाय, म्हणतोय हरिपूरला संगमेश्वरापुढं हार घालू, मनानं तूच बायको. माझ्याच्यानं हो पण म्हणवत नाही आणि नाही पण.

तिखटजाळ:
पाच वर्षं हरिपूर तिथंच होतं की. विश्रामबागेतनं असं किती लांब आहे? दुखणं आल्यावरच बरी हौस आली.

कोर्टाच्या_पायरीवर:
ताई, वकिली करते म्हणून सांगते. व्यभिचाराचं 497 कलम सुप्रीम कोर्टानं 2018 ला रद्द केलं, त्यामुळं नुसत्या संबंधाचा आता गुन्हा होत नाही. पण त्याची बायको असताना देवळात कितीही हार घाला, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ते लग्नच नव्हे, आणि विधी करून लग्न लावलंच तर त्याच्यावर दुसऱ्या लग्नाची केस होऊ शकते. लग्न झालेलं माहीत असून राहिलेल्या बाईला घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचा आधार मिळाला नाही, असा 2013 चा निकाल पण आहे. म्हणजे उद्या तो गेला तर तुझ्या हातात काय, तो सुकलेला हार. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ.

नाव_नको:
मी थर्मासवाली आहे. तुझ्या माणसाची नव्हे ग, माझ्या नवऱ्याची. आमच्याकडं पण ती आलेली बघायला, फळं घेऊन. मला वर्षभर आधीच कळलं होतं. मी पण चहाच दिला. सासू बसलेली, दीर बसलेला, दुसरं काय करणार होते? तुझा राग मला कळतो, पण तुझी कीव येत नाही, खोटं कशाला बोलू.

कृष्णाकाठची:
नाव_नको ताई, तुमचं वाचून हात गार पडले. तो जो माझ्यासाठी वेगळा मागवला ना, तो बिनसाखरेचा होता. मी तसाच घेते. तिला मी काही बोलले नव्हते.