तीन मतांचा नियम: टाबोऱ्यात न्येरेरे नमले का?

प्रश्न
टांगानिकातल्या (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९५८च्या निवडणुकीबद्दल वाचून दोन दिवस अस्वस्थ आहे. प्रत्येकाने तीन मतं द्यायची: एक आफ्रिकी, एक आशियाई, एक युरोपीय उमेदवाराला. आफ्रिकी ८० लाखांवर, युरोपीय जेमतेम २० हजार, तरी जागा सारख्याच! त्यात मतदानाला शिक्षण, उत्पन्न किंवा पदाची अट. हा प्रदेश काही ब्रिटनची मालमत्ता नव्हता, संयुक्त राष्ट्रांनी विश्वस्त म्हणून सोपवला होता. मग जानेवारी १९५८ला टाबोरा शहरातल्या अधिवेशनात टानूने, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या ज्युलियस न्येरेरेंच्या पक्षाने, बहिष्कार न घालता निवडणूक लढवायचं का ठरवलं? मला ती माघार वाटते.

उत्तर १
मलाही आधी तसंच वाटायचं. पण गव्हर्नर ट्वायनिंग यांच्या पाठबळाने युनायटेड टांगानिका पार्टी १९५६लाच उभी राहिली होती. टानू घरी बसली असती, तर कायदेमंडळात हीच मंडळी बसली असती आणि लोकप्रतिनिधी म्हणून मिरवली असती. शिवाय नियम उलटलाच. युरोपीय-आशियाई उमेदवारांनाही आफ्रिकी मतं लागत होती, त्यामुळे टानूने ज्यांना पाठिंबा दिला ते डेरेक ब्राइससन, अमीर जमाल, सोफिया मुस्तफा निवडून आले. युनायटेड पार्टीला एकही जागा नाही! टाबोऱ्याच्या त्या ठरावाला स्वाहिलीत आजही ‘शहाणपणाचा निर्णय’ म्हणतात, ते मला पटतं.

उत्तर २
जिंकले म्हणून नियम न्याय्य ठरत नाही. टानूतलेच झुबेरी म्टेम्वू टाबोऱ्याच्या याच निर्णयावरून पक्ष सोडून गेले, त्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस काढली. त्यांचं राजकारण मला मान्य नाही, पण राग समजतो. शिकलेल्याला तीन मतं, आणि ज्याने शाळा पाहिली नाही त्या शेतकऱ्याला एकही नाही. त्याने कुणाकडे जायचं?

प्रश्नकर्ता
हेच मला टोचत होतं, शब्द सापडत नव्हते. टांगानिकातल्याच मेरू जमातीचं आठवलं. १९५१मध्ये युरोपीय मळेवाल्यांसाठी त्यांना एंगारे नान्युकी इथल्या त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं, तेव्हा मत द्यायला निवडणूकच नव्हती. त्यांचे प्रतिनिधी किरिलो जाफेट पुढच्या वर्षी थेट न्यूयॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांपुढे बोलले. जमीन तेव्हा परत मिळाली नाही. बहिष्काराबद्दल उत्तर १ पटलं, माझा शब्द मागे घेतो. पण तीन मतांच्या नियमाला शहाणा म्हणणार नाही, शहाणे टाबोऱ्यातले लोक होते.