‘गळ्यात मारणे’च्या उलट काय म्हणायचं?

प्रश्न
मी बडोद्यात दांडिया बाजारात घरूनच साड्या विकते, मुख्यतः चंदेरी. गिऱ्हाइकं ओळखीतलीच, मराठी आणि गुजराती दोन्ही. ओळखीत विकताना समोरची बाई भिडेपोटी घेते, आणि ते मला नको आहे. गळ्यात मारणे, माथी मारणे, गळ घालणे असे शब्द आपल्याकडे ढीगभर आहेत. पण माल दाखवायचा, खरं ते सांगायचं आणि घ्यायचं की नाही ते तिच्यावर सोडायचं, याला काय म्हणावं?

प्रतिसाद
ताई, आधी ‘खपणे’ आणि ‘खपवणे’ शेजारी ठेवून बघा. साड्या हातोहात खपल्या, यात मालाचं कौतुक आहे. साड्या खपवल्या म्हटलं की उरलासुरला माल कुणाच्या तरी पदरात टाकल्याचा वास येतो. ‘गळ घालणे’ मात्र तुमच्या यादीतून काढा. त्यात आर्जव आहे, फसवणूक नाही. ‘गळेपडू’ हा खरा नकोसा शब्द.

प्रतिसाद
तुम्हाला हवा तो शब्द बडोद्यातच आहे: जांगड. काही जण जाकड म्हणतात. पसंतीसाठी माल घरी न्यायचा, आवडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा. सुरतेच्या हिऱ्याच्या बाजारात आजही जांगडीच्या चिठ्ठीवर माल या हातातून त्या हातात जातो. कापडवाले आणि सराफही हा शब्द वापरतात.

उधारीशी याची गल्लत करू नका. उधारीत विक्री झालेली असते, पैसे तेवढे यायचे असतात. जांगडीत विक्रीच झालेली नसते. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २४व्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाचा नियम आहे: गिऱ्हाइकाने पसंती कळवली, किंवा नापसंती न कळवता ठरल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर माल त्याचा झाला. मुदत ठरली नसेल तर ‘वाजवी वेळ’ धरतात, आणि वादाला तिथेच तोंड फुटतं. म्हणून चिठ्ठीवर तारीख घालाच. ओळखीच्या घरी तर आधी घाला. त्यात संकोच कसला?

साडीला ही पद्धत फार शोभते. दुकानातल्या दिव्याखाली रंग वेगळा दिसतो. घरी उजेडात, स्वतःच्या ब्लाउजवर धरून, सासूबाईंना दाखवून बाई ठरवते, आणि तुम्ही समोर नसता, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

प्रतिसाद
काकांशी सहमत, पण जांगड ही झाली व्यवहाराची रीत. खरं सांगण्याचं काय? त्यासाठी ‘खोट दाखवून विकणे’ म्हणा. चंदेरीत बऱ्याचदा ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो, ते आधीच सांगून टाकायचं. एकाच घडीत वर्षानुवर्षं ठेवली तर घडीवर विरते, हेही सांगायचं. असं सांगणाऱ्या विक्रेतीकडे मी स्वतः पुन्हा जाते.

प्रश्नकर्ती
दोन्ही शब्द घेतले. आता पिशवीबरोबर अशी चिठ्ठी जाईल: ‘तीन साड्या जांगड पाठवल्या आहेत. ताणा रेशीम, बाणा सूत. मोरपंखीच्या पदराला एक धागा ओढला गेलाय, तो बघून घ्या. गुरुवारपर्यंत ठेवा. नको असतील तर नुसतं “नको” कळवा, मी येऊन घेऊन जाईन.’
‘जांगड पाठवल्या’ बरोबर की ‘जांगडीवर पाठवल्या’?

प्रतिसाद
दोन्ही चालतं. बोलताना आमच्याकडे ‘जांगड नेली’, ‘जांगड दिली’ असंच म्हणतात.