शाळेतले प्रयोग आणि मैदानावरच्या बातम्या : तुमचे अनुभव लिहा

आमच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना, सुविचार आणि ठळक बातम्या झाल्या की शेवटची काही मिनिटं मुलांची असतात. एक जण छोटा प्रयोग दाखवतो, दुसरा खेळाची बातमी सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष अशा दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच. ती बातमी वाचणाऱ्या सातवीतल्या मुलीचा आवाज असा चढला की मागच्या रांगेतली मुलंही टाचा उंचावून बघायला लागली. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

कुणाचा कितवा नंबर आला याची यादी नको. प्रयोगात किंवा मैदानावर काय घडलं, साहित्य काय लागलं, वेळ कुणी काढला, ते सविस्तर लिहा. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनीच.

विज्ञान शिक्षिका, सांगली जिल्हा

विश्वचषकाचा विषय निघालाच आहे तर आमच्या खो-खोच्या मुलींचं सांगते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी तेच ज्वालामुखी आणि पवनचक्क्या. यंदा म्हटलं, या मुली रोज संध्याकाळी जे करतात त्याचंच मोजमाप करू. लागली फक्त ३० सेंटिमीटरची एक पट्टी. एकीने पट्टी वरून उभी धरायची, दुसरीने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. पहिलीने न सांगता पट्टी सोडली की दुसरीने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला साधारण ०.२० सेकंद लागले, १५ वर पकडली तर ०.१७. गुरुत्वाकर्षणाचं सूत्र वापरून हे आकडे मुलींनी स्वतः काढले. नववीच्या पुस्तकातलं ते सूत्र इतक्या आवडीने सोडवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला वाटलं होतं, खो-खोच्या मुली इतरांपेक्षा खूपच चपळ निघतील. तसा फार फरक दिसला नाही. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, “बाई, आम्ही पाटीवर बसतो तेव्हा मागून येणारी दिसतच नाही. पाठीवर थाप बसते आणि ‘खो’ ऐकू येतो, की उठायचं.” म्हणून डोळे मिटून प्रयोग केला. पट्टी सोडणारीने सोडतानाच ‘खो’ म्हणायचं. आणि पट्टी खरोखर लवकर पकडली जायला लागली, म्हणजे कमी सेंटिमीटरवर! डोळ्यांपेक्षा कानाची प्रतिक्रिया लवकर होते हे शास्त्रज्ञांना माहीत आहे, पण आमच्या मुलींनी ते स्वतःच्या बोटांनी शोधलं. प्रदर्शनात परीक्षकांनाही त्यांनी डोळे मिटायला लावले. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. माझ्या दृष्टीने तो आमच्या शाळेचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रकल्प आहे.

माजी विद्यार्थी, पुणे जिल्हा

ताई, फारच छान. आमच्याकडची आठवण २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाची. कंकणाकृती ग्रहण केरळ, तमिळनाडूच्या पट्ट्यात दिसलं, आपल्याकडे खंडग्रास होतं. ग्रहणात मुलांना बाहेर काढू नका, असे घरोघरून निरोप आले होते. आमच्या खेळाच्या सरांनी वाद घातला नाही. छोट्या आरशावर कागद चिकटवला, मध्ये नाणं मावेल एवढं भोक ठेवलं आणि मैदानाच्या कडेला उभं राहून ऊन वर्गाच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीवर पाडलं. खिडक्या बंद केल्या होत्या. भिंतीवर थाळीएवढा सूर्य, आणि त्याचा मोठा लचका तोडलेला! सूर्याकडे कुणीही पाहिलं नाही, आरशातही नाही. आणायला आलेले दोन पालकसुद्धा दारात थांबून बघत राहिले.

ग्रहण सुटल्यावर सरांनी भिंतीवरच्या पूर्ण सूर्याचा व्यास आणि आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजायला लावलं. अंतर व्यासाच्या सुमारे १०७ पट येतं. खऱ्या सूर्यालाही हेच प्रमाण लागू. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर दूर, मग १०७ ने भागाकार केला की सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर. लांब उडीच्या टेपने सूर्य मोजला, हे मी आजही लोकांना सांगत असतो.

शिक्षक, कोल्हापूर

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो, मुलांना दाखवण्यात नेहमी एकच अडचण. आमच्याकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा सुट्टी. पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून हा सुट्टीचाच अभ्यास दिला. अंगणात स्टीलचा पेला उपडा ठेवायचा आणि साडेबाराच्या सुमारास फोटो काढायचा. ज्यांचे मामा, आत्या नागपूर-धुळ्याकडे आहेत त्यांनी तिकडूनही फोटो मागवले. तिकडे तो दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, ते नातेवाइकांच्या फोटोंवरून पोरांना कळलं.

पालक, डोंबिवली

मुलगी सहावीत असताना होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसली. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखीसाठी क्लासवाले हजारो रुपये घेतात, ते मला अजिबात पटत नाही. ती प्रात्यक्षिकाच्या पुढे गेली नाही, पण त्या तयारीत स्वयंपाकघरातली हळद, लिंबू, सोडा, जांभळा कोबी यांची आम्ल-आम्लारीची तपासणी करून मोकळी झाली. ती वही तिने अजून जपली आहे.

क्रीडाशिक्षक, सोलापूर जिल्हा

सगळं वाचून आनंद झाला, पण एक दुखणं मांडतो. मी आधी ज्या शाळेत होतो तिथे दहावीचा खेळाचा तास दिवाळीनंतर गणिताला जायचा. त्याच वर्गातली एक मुलगी खो-खोच्या विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘१ मिनिट ४० सेकंद संरक्षण’ (म्हणजे तेवढा वेळ ती बाद न होता पळत राहिली) अशी तिच्या नावापुढे ओळ आली, तेव्हा ते कात्रण ऑफिसबाहेर लावायला मात्र सगळे पुढे होते. वर्गात मागे पडणाऱ्या पोराला मैदान हीच एक जागा असते जिथे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. तो तास काढून घेऊ नका, एवढंच हात जोडून सांगणं. बाईंचा पट्टीचा प्रयोग उद्याच करतो. आमचे कबड्डीचे गडी आहेत, त्यांचे आकडे बघायचेत.

विज्ञान शिक्षिका, सांगली जिल्हा

सर, जरूर करा. प्रत्येकाला निदान दहा वेळा संधी द्या, पहिले दोन-तीन आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी घ्या. डोळे उघडे आणि मिटलेले, दोन्ही सेंटिमीटर इथे टाका. आमच्या मुली तुमच्या गड्यांशी तुलना करायला आत्तापासून तक्ता आखून बसल्या आहेत.