मॅसी १०३५ ट्रॅक्टर : गरम झाल्यावर ऑईल प्रेशर पडतं. पंप दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

द्राक्षबाग_तासगाव
मॅसी १०३५, तीन सिलिंडर. थंड असताना काटा ३.५ किलोवर. तासभर ब्लोअर चालवला की स्लोला (रेस न देता) अर्ध्या किलोच्याही खाली. ऑईल १५डब्ल्यू-४०, फिल्टर नवा, मीटरही दुसरा लावून बघितला. चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) उतरवलंय, पंप हातात आहे. कव्हरवर गोल चर पडलेत. जुनाच नीट होईल का? नेमकं काय मोजायचं?

कराड_वर्कशॉप
आधी सांगा, पुढचा भार कशावर ठेवलाय? या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नाही, बिडाचं चेंबर आणि इंजिनच वजन पेलतं. क्लच हाउसिंगखाली लाकडी ओंडके रचा, मागच्या चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही.

आता पंप. आत दोन रोटर असतात, आतला दांड्यावर, बाहेरचा बॉडीत सैल फिरणारा. डिझेलने धुऊन कोरडे करा. बॉडीच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टी-रोटरमध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. तीन थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; तीन म्हणजे ०.०७५ मिमी) ठीक. मग दोन्ही रोटरच्या दातांमधली फट आणि बाहेरचा रोटर-बॉडी यांतली फट. हे दोन आकडे मॅन्युअलशी ताडून बघा, अंदाजाने नको. रोटरवर नख अडकेल असा ओरखडा असेल तर मोजमाप सोडा, पंप बाद.

कृष्णाकाठ
पंपावर खापर फोडण्याआधी क्रँकशाफ्टची मेन आणि बिगेंड बेअरिंग बघा. थंडीत प्रेशर छान, गरम झालं की स्लोला पडतं, हे लक्षण बहुतेकदा बेअरिंग ढिलं झाल्याचं. ऑईल पातळ झालं की त्या फटीतून निसटतं, पंप नवा असला तरी पुरा पडत नाही. चेंबर खाली आहेच, कॅप काढून प्लास्टिगेज (मऊ प्लास्टिकचा दोरा, किती चपटा होतो त्यावरून फट कळते) दाबून बघा. बेअरिंगवर तांबूस थर उघडा पडला असेल तर निकाल तिथेच लागला.

जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही उघडा. प्लंजर बोटाने ढकलून सोडला तर अडखळता कामा नये. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवण्याचा सल्ला हमखास कोणीतरी देतो. व्हॉल्व्ह नीट बसत असेल तर स्लोला तो बंदच असतो, वॉशरने तिथे काहीच फरक पडत नाही. थंडीत मात्र फिल्टरवर आणि पंपाच्या गिअरवर विनाकारण ताण येतो.

द्राक्षबाग_तासगाव
मोजलं. पट्टीखाली पाच थाऊ. दात आणि बाहेरची फट मॅन्युअलच्या आत. बेअरिंगचा थर शाबूत, प्लास्टिगेजही मर्यादेत.

कराड_वर्कशॉप
मग जीव आहे पंपात. जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, वर थोडं डिझेल. कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत चर जाईपर्यंत घासा. पण लक्षात घ्या, कव्हर घासल्याने फक्त चर जातात, पट्टीखालची फट तशीच राहते. ती कमी करायची तर बॉडीचं तोंड घासावं लागतं, तेही थोडं घासायचं आणि मोजायचं. दोन थाऊवर थांबा. एकाच्या खाली गेलात तर गरम झाल्यावर रोटर आवळेल.

जोडताना बाहेरच्या रोटरची चॅम्फर केलेली (तिरकी उतरवलेली) कड आधी बॉडीत जाते, उलटा बसवू नका. बॉडी-कव्हरमध्ये पॅकिंग किंवा सिलिकॉन घालू नका, केलेली मेहनत वाया जाईल. सक्शन पाइपचा जोड मात्र नव्याने सील करा. तिथून हवा ओढली तर काटा थरथरतो आणि दोष पंपाचा वाटतो. दात किंवा बॉडीची फट जास्त निघाली असती तर अख्खा पंपच घ्या म्हटलं असतं. एकाच पंपातले रोटर आणि बॉडी सोबतच झिजतात, सुटा रोटर टाकून फायदा नाही.

बसवण्याआधी पंपात ऑईल ओतून हाताने फिरवून घ्या. पहिल्यांदा स्टॉपचा नॉब ओढून ठेवा आणि काटा हलेपर्यंत थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा. काटा हलल्याशिवाय डिझेल सोडू नका.