मदत हवी आहे: ऐनासारख्या कठीण लाकडाला चेनसॉची कोणती चेन लावावी?

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे. मिरगाच्या वाऱ्यात बांधावरचा जुना ऐन आडवा झाला, त्याचे तुकडे करताना अर्ध्यावर अडकलोय. आंब्याची फांदी सहज कापणारी मशीन ऐनाच्या गाभ्यात शिरली की दोन-चार कापांतच बोथट होते. आधी जाड कपचे पडतात, मग नुसतं पीठ, आणि चेन ज्यावर फिरते त्या पट्टीतून धूर. काप उजवीकडे ओढला जातो तो वेगळाच. डाव्या बाजूचे दात माझ्या हातून जास्त घासले गेले असावेत.

चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर), फुल चिझेल, म्हणजे टोकदार कोपऱ्याच्या दातांची. ४.८ मिमीच्या गोल कानशीने ३० अंशांत धार लावतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगांत लाल माती भरलेली. म्हणून सेमी चिझेल, म्हणजे गोलसर कोपऱ्याच्या दातांची, घ्यावी असं वाटतंय. ती कापते सावकाश, पण मातीत धार टिकते. कोणी खैर किंवा किंजळासारख्या कठीण लाकडावर वापरली आहे का? धारेचा कोन २५ अंशांवर आणला तर फरक पडतो का? दातापुढचा डेप्थ गेज (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा उंचवटा) सुक्या लाकडासाठी किती घासता? तो जास्त उतरला तर मशीन झटका देते, आणि माझा धाकटा भाऊही तीच चालवतो, म्हणून अंदाजाने काही करायचं नाहीये.